उसना गळा

ता. ९ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद गृहीत धर. प्रकृतीची विचारपूस या पत्रापुरती मी दोन्ही बाजूंनी रद्द केली आहे.

तुझा संदेश मिळाला. त्यात वाक्य एक होते आणि प्रश्नचिन्हे सात. 'ताई तू फोन का उचलत नाहीस' या प्रश्नाला एक प्रश्नचिन्ह पुरते. उरलेली सहा आरडाओरड होती, आणि ती तुझ्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शोभते, मला पाठवलेल्या मजकुरात नव्हे. मी फोन उचलत नाही, कारण मला फोन उचलायचा नाही. पत्र लिहिते आहे, कारण पत्र मध्येच तोडता येत नाही. तुझ्याशी बोलताना माझे एकही वाक्य आजवर शेवटापर्यंत गेलेले मला आठवत नाही.

बातमी म्हणावी अशी एकच गोष्ट आहे. माझ्या संगणकावरची जुनी कार्यप्रणाली मी मागच्या महिन्यात समूळ काढून टाकली आणि तिच्या जागी लिनक्स बसवली. स्वतः बसवली. तुझ्या नवऱ्याने एकदा चारचौघांत 'ताईंना पुस्तकं जमतात, मशीन नाही' असे विधान केले होते. ते खोटे ठरले आहे, एवढे त्याला कळव.

जुन्या कार्यप्रणालीवर माझ्या रोजच्या उपयोगाचा एक प्रोग्रॅम होता. एके दिवशी सकाळी कंपनीने मला न विचारता तो बदलला, आणि आधीचा परत मागितल्यावर 'आपला अनुभव अधिक आनंददायी व्हावा म्हणून' असे उत्तर पाठवले. मला आनंद देण्याची जबाबदारी मी कुणावर सोपवलेली नाही. त्याच दिवशी मी निर्णय घेतला. या नव्या व्यवस्थेत माझ्या परवानगीशिवाय पान हलत नाही, हे मला पटले. मात्र तिथे प्रत्येक पान आपल्यालाच निवडावे लागते, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती.

नुसते लिहिण्यासाठी किती प्रोग्रॅम असावेत? मी मोजणे सोडून दिले. एकाला तळटीप देता येते, पण पान मोडते. दुसरा पान राखतो, पण उघडताच 'आज काय लिहिणार?' असे विचारतो. त्याला मी तत्काळ काढून टाकले. एक तर दर शंभर शब्दांना अभिनंदन करतो. मी लहान मुलांच्या वर्गात बसलेली नाही. कोणता चांगला हे विचारायला लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरील चर्चामंडळावर गेले, तर तिथे प्रौढ पुरुष दोन संपादकांच्या (लिहिण्याच्या प्रोग्रॅमला तिथे संपादक म्हणतात) गुणदोषांवरून एकमेकांची अक्कल काढत होते. खरे सांगायचे तर एवढ्या दिवसांत तेवढीच एक जागा मला ओळखीची वाटली. भांडणाऱ्यांपैकी जो सर्वांत उद्धट होता, त्याचे म्हणणे तपासून पाहिले आणि ते बरोबर निघाले. त्याचाच संपादक मी निवडला. त्यात कोरी पाटी आहे, तळटीप आहे, आणि तोंड बंद ठेवण्याची रीत आहे.

टपालासाठी एक, संदर्भ गोळा करण्यासाठी एक, पुस्तकांची स्कॅन केलेली पाने वाचण्यासाठी एक, सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवण्यासाठी एक, अशी माझी निवड झाली. आवाज मुद्रित करून कापण्या-जोडण्याचा एक प्रोग्रॅमही इन्स्टॉल केला आहे. तो कशाला, हे विचारू नकोस.

हे सगळे वेळेत होणे भाग आहे. ता. १८ एप्रिलला विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात माझे व्याख्यान आहे. तर्कशास्त्रात आयुष्यभर केलेल्या कामाची शेवटची मांडणी मी त्यात करणार आहे, आणि ती मीच करणार आहे. आताचा विभागप्रमुख कधीकाळी माझा विद्यार्थी होता. निष्कर्षाला पुरावा समजण्याची त्याची खोड अजून गेलेली नाही. तो परवा घरी येऊन खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त लिहून द्या. मी वाचतो. लोकांना चालेल."

मी कागदावर 'मला चालणार नाही' असे लिहून त्याच्या हातात दिले.

फोन करू नकोस. उचलणार नाही.

तुझी थोरली बहीण


ता. २६ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझे पत्र आले. अक्षर पूर्वीसारखेच आहे, म्हणजे घाटातल्या रस्त्यासारखे.

तू लिहितेस: 'ताई, दोन पानं कॉम्प्युटरवर! दोन पानं! अगं, एक नक्कल केली तिला दीड वर्ष झालं. सगळे हसले, विसरले, घरी गेले. तूच एकटी अजून त्या दारात उभी आहेस पर्स काखेत मारून.'

घटना तुला वेगळी आठवते, म्हणून नोंदवते. तुझ्या नवऱ्याच्या साठीच्या मेजवानीत तू माझा चष्मा माझ्याच पर्समधून काढलास, नाकाच्या शेंड्यावर ठेवलास, जेवणाच्या खुर्चीवर चढलीस आणि माझ्या आवाजात अख्ख्या पाहुण्यांसमोर व्याख्यान दिलेस. विषय होता 'वरणाला फोडणी दिल्याचा दावा आणि त्याची सिद्धता'. लोक पोट धरून हसत होते. विभागप्रमुख तिथे होता. तोही हसला, आणि मी पाहते आहे असे दिसल्यावर त्याने हसण्याचा खोकला केला. मी निघून गेले. ते रागावून नव्हे. हसणाऱ्या माणसांत न हसणारे माणूस विनाकारण जागा अडवते, म्हणून.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. 'त्या विभागप्रमुखाला कागदावर लिहून का दिलंस? तोंडाला काय झालं होतं?'

तोंड ठीक आहे. गेल्या जुलैत माझे स्वरयंत्र शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आले. गाठ होती, ती गेली, आणि सोबत हेही गेले. गळ्याच्या खालच्या बाजूस एक छिद्र आहे, त्यातून श्वास चालतो. त्यावर मी रुमाल बांधते. दुखत नाही. जेवता येते. बोलता येत नाही. यावर सहानुभूतीची वाक्ये लिहू नकोस, मी ती वाचणार नाही.

पुढे वाच, कारण महत्त्वाचे पुढे आहे.

गळ्याला लावून बोलायचे एक गुणगुणणारे यंत्र मिळते. मी एकदा लावून पाहिले. मधमाशीने प्रबंध वाचावा तसे ते ऐकू आले. परत केले. मग संगणकावर टंकून त्याच्याकडून वाचून घेण्याचा मार्ग उरला. जुन्या कार्यप्रणालीवर जो प्रोग्रॅम कंपनीने बदलला असे मी लिहिले होते, तो हाच. त्यातला बाईचा आवाज सामान्य होता, पण सभ्य होता. मी त्याच्याशी जुळवून घेतले होते. तो एका रात्रीत गेला आणि त्याच्या जागी एक उत्साही मुलगी आली. ती प्रत्येक वाक्य शेवटी वर उचलते, जणू प्रत्येक विधानाला श्रोत्याची मंजुरी हवी. मी 'दूध आजपासून अर्धा लिटरच द्या' असे टंकले आणि तिने ते एखादी गोड बातमी सांगावी तसे सांगितले. दूधवाला हसला. माझ्या तोंडातली जीभ कुणीतरी न विचारता बदलून गेले होते, धाकटे. त्याला मी अपडेट म्हणणार नाही.

लिनक्सवरचा आवाज कुणी बदलत नाही, हे खरे. तो चांगला असता तर प्रश्नच नव्हता. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आहे आणि पुरुषाचा आहे. पिशवीतून संगणक नेऊन भाजीवाल्यासमोर मी त्याच्याकडून 'एक किलो टोमॅटो, टणक' असे म्हणवले, तर भाजीवाल्याने माझ्या मागे कोण उभे आहे ते वाकून पाहिले. आठवड्यातून एकदा येणारी वाचाशिक्षिका माझ्याशी मोठ्याने बोलते. ऐकू येत नाही असे तिला कोणी सांगितले, कळत नाही. ती म्हणाली, "बाई, अहो कुठलाही आवाज घ्या ना! काम झाल्याशी मतलब!" मी टंकले: तुम्ही कुठलेही नाव घेता का? खड्यांच्या आवाजात त्याची सगळी धार गेली. तिला तो विनोद वाटला.

एक तिसरा मार्ग आहे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये असा प्रोग्रॅम आहे की त्याला एकाच माणसाने वाचलेली काही शे वाक्ये ऐकवली, तर तो त्या माणसाच्या आवाजात हवे ते बोलू लागतो. मी तो निवडला. कागदपत्रे वाचली, चाचण्या केल्या, काम करतो. अडचण वेगळीच आहे. त्याला ऐकवायला माझा आवाज कुठेच नाही.

तुला वाटेल, आयुष्यभर व्याख्याने दिली, ध्वनिमुद्रणे असतीलच. नाहीत. वर्गात मुद्रण करायला मी कधी परवानगी दिली नाही; ज्याला मागून ऐकायचे आहे तो आत्ता ऐकत नसतो. विद्यापीठाने माझे एकच व्याख्यान अधिकृतपणे मुद्रित केले होते, आणि ते मीच पुसायला लावले. त्यात एका ठिकाणी मी 'आवश्यक'च्या जागी 'पुरेसे' म्हणून गेले होते आणि लगेच दुरुस्त केले होते. ध्वनितंत्रज्ञ विनवीत होता, "मॅडम, एकच शब्द आहे, मी कापतो, देवालासुद्धा कळणार नाही." मला कळले असते. माझा निर्णय बरोबर होता आणि आजही तसाच घेईन. त्याचा परिणाम गैरसोयीचा आहे, एवढेच.

सैद्धांतिक पातळीवर एक मुद्दा मांडते. एका घरातल्या दोन बहिणींचा गळा एकाच घडणीचा असू शकतो. फोनवर आपल्याला आईसुद्धा ओळखू शकत नसे. आधी 'कोण, मोठी की लहान?' असे विचारत असे. हा माझा युक्तिवाद नव्हे, केवळ निरीक्षण.

सोबत सहाशे वाक्ये जोडली आहेत. प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये, शांत खोलीत, पंखा बंद करून वाचायचे असते. तुझ्या माहितीसाठी पाठवते आहे.

तुझी थोरली बहीण


ता. २० मार्च

धाकटीस,

तू माझ्या दारात येऊन जे केलेस त्याबद्दल आधी लिहिते, म्हणजे मग कामाचे लिहिता येईल.

भर दुपारी घंटा दाबून धरणे हा संवाद नव्हे. घंटेने काम होत नाही असे पाहून गल्लीत उभ्या केलेल्या शिकाऊ गाडीचा हॉर्न वाजवत बसणे हा तर दखलपात्र प्रकार आहे. समोरच्या इमारतीतली माणसे गॅलरीत आली होती. त्यांना तू ओरडून सांगितलेस, "काही नाही हो, माझी बहीण आहे, विद्वान आहे!" हा खुलासा कोणीही मागितला नव्हता.

मी दार उघडले नाही, कारण घरात पसारा होता.

माझ्या घरात पसारा नसतो, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा हे कारण खोडले असे समज आणि दुसरे विचारू नकोस.

तू दाराला तोंड लावून म्हणालीस, "ताई, तू दाराशीच उभी आहेस. खालून तुझ्या चपला दिसतायत."

मी चिठ्ठी सरकवली: वाक्ये वाचलीस का?

"वाक्यं गेली खड्ड्यात! मी मेले होते का गं? सात महिने? एकटी जाऊन गळा कापून आलीस?"

दुसरी चिठ्ठी: कापणारा तज्ज्ञ होता.

यावर बाहेरून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, हे दाराच्या जाडीमुळे ठरवता आले नाही. मग तू विचारलेस, "दवाखान्यात सोबत कोण होतं?"

मी खरे तेच लिहिले: विभागप्रमुख.

दाराखालची तुझी सावली सरकली. मला वाटले गेलीस. मग अगदी हळू, तुझ्या स्वभावाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणालीस, "त्याला बोलावलंस. मला नाही."

याचे उत्तर चिठ्ठीवर मावणारे नव्हते, म्हणून दिले नाही. इथे देते. तो येतो, फॉर्म भरतो, फळे ठेवतो आणि जातो. तू आली असतीस तर राहिली असतीस. मला उशी नीट करून दिली असतीस, डॉक्टरांशी भांडली असतीस, आणि मी काही बोलू शकत नाही हे पाहून माझ्या वतीने बोलायला लागली असतीस. तेवढे एक मला नको होते. बाकी आणखी काही असेल तर ते मला ठाऊक नाही.

आता काम.

तुझी मुद्रणे मिळाली. शिकाऊ गाडीच्या काचा चढवून, गाडी मैदानाच्या टोकाला लावून, आत बसून वाचलीस, ही युक्ती चांगली आहे. गाडीच्या आसनांत प्रतिध्वनी जिरतो. मुद्रण स्वच्छ आले आहे. इथे कौतुक संपले.

सत्त्याण्णवाव्या वाक्यात मागून हॉर्न आहे. एकशे बाराव्यात तू वाक्य अर्धे सोडून 'ई, हे कोण बोलतं असं?' असे म्हटले आहेस. तर्कशास्त्रात असेच बोलतात. दोनशे चाळीसाव्यात कुणीतरी काचेवर टकटक करते आणि विचारते, "मॅडम, गाडी मिळेल का, माझा तास आहे," आणि तू सांगतेस, "थांबा हो पाच मिनिटं, माझ्या बहिणीचं बोलणं भरतेय." हे वाक्य यादीत नव्हते. ते मी कापले आहे. म्हणजे वेगळे काढून ठेवले आहे. ते कोणत्या फोल्डरमध्ये आहे याच्याशी तुला कर्तव्य नाही.

हॉर्न आणि टकटक कापून जे उरले ते प्रोग्रॅमला ऐकवले. संगणक पाच दिवस अखंड चालला, पंखा असा घोंघावत होता की वाचाशिक्षिकेने "गिरणी घातलीत का?" म्हणून विचारले. आवाज तयार झाला. खड्यांच्या आवाजाच्या तुलनेत तो मनुष्याचा आहे, हे मान्य. मग मी त्याच्याकडून माझ्या व्याख्यानाचा पहिला परिच्छेद वाचून घेतला.

धाकटे, तो परिच्छेद असा ऐकू आला की जणू समोर कुणी घाबरलेले माणूस चढावर क्लच धरून बसले आहे आणि त्याला धीर दिला जातो आहे. 'प्रत्येक सार्वत्रिक विधानाच्या मुळाशी एक गृहीतक असते' या वाक्याच्या शेवटी न उच्चारलेले 'समजलं ना? घाबरू नका' लटकत होते. तू आयुष्यभर लोकांना घाबरू नका म्हणत आलीस. ते तुझ्या घशात मुरले आहे. मी आयुष्यभर लोकांना घाबरवत आले. दोघींचा गळा एक असला तरी वापर वेगळा झाला आहे.

तेव्हा जे लिहायचे टाळत होते ते लिहिते. आधीच्या तीन मसुद्यांत हे वाक्य होते आणि प्रत्येकातून मी ते काढले.

मला तुझा आवाज नको आहे. माझा हवा आहे. तो या जगात आता एकाच ठिकाणी शिल्लक आहे. त्या मेजवानीत खुर्चीवर चढून तू जे केलेस, तसे करून वाक्ये पुन्हा वाच. सगळी. चष्मा हवा असल्यास पाठवते.

मी त्या दिवशी निघून गेले, कारण नक्कल वाईट होती असे मी स्वतःला सांगत आले. नक्कल वाईट असती तर मी बसून राहिले असते.

वेळ थोडा आहे. वाचणार नसशील तर तसे एका वाक्यात कळव. मी व्याख्यान रद्द करीन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते होणार नाही.

थोरली


ता. २१ एप्रिल

धाकटीस,

तुझ्यावर मी किती रागावलेली आहे हे क्रमाने मांडते. मध्ये तोडू नकोस.

पहिली गोष्ट. तुझी दुसरी मुद्रणे आली तेव्हा त्यांच्यासोबत एक चिठ्ठी होती: 'घे तुझं विष. सहाशे वाक्यं तुझ्यासारखी बोलले आणि माझा नवरा दोन दिवस माझ्याशी अदबीने वागतोय.' तुझ्या नवऱ्याची अदब हा माझ्या अभ्यासाचा विषय नाही. परंतु ती मुद्रणे मी सलग ऐकली. 'मुळात' म्हणण्याआधी घेतलेला तो बारीक श्वास, 'अर्थात'वर टाकलेला भार, वाक्य संपल्यावर समोरच्याला आपले अज्ञान मोजायला दिलेली ती फट. सहाशे वाक्यांत एकही वाक्य असे नव्हते की ज्यावर मला 'मी असे बोलत नव्हते' असा आक्षेप घेता यावा. तुला शाळेत कधी कशात पैकीच्या पैकी मिळाले नाहीत. यात मी देते, आणि देताना मला मुळीच आनंद होत नाही.

दुसरी गोष्ट. तो आवाज तयार झाल्यावर पहिल्यांदा वाचाशिक्षिकेवर वापरला. 'उद्या येऊ नका, मला काम आहे' एवढेच टंकले होते. बाई उभीच राहिली. मग हळू आवाजात, माझ्या घरी पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाली, "माझं काही चुकलं का?" मी घाईने 'नाही, तुम्ही चांगल्या आहात' असे टंकले, तर ते आणखी वाईट ऐकू आले. या आवाजात चांगले काही बोलण्याची सोयच नाही. ती तू ठेवली नाहीस, की मी ठेवली नव्हती, यावर मी बराच विचार केला. संशोधन अपूर्ण आहे.

म्हणून सध्या दोन्ही आवाज ठेवले आहेत. पडद्यावर दोन चिन्हे, शेजारी शेजारी. भाजीवाला, दूधवाला, वाचाशिक्षिका यांना तुझा पहिला, घाबरू नका म्हणणारा आवाज. भाजीवाल्याने परवा न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि 'बाई आता बऱ्या दिसतात' असे म्हणाला. मी पूर्वीसारखीच दिसते. व्याख्यानाला मात्र दुसरा.

तिसरी गोष्ट व्याख्यानाची. मी तुला स्पष्ट कळवले होते की सभागृहात येऊ नकोस. तू हसशील, अशी मला भीती होती. भीती हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. तू आलीस. शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड, गाडीच्या किल्ल्या मुठीत घेऊन. मी व्यासपीठावर संगणक उघडतानाच तुला पाहिले. माझे स्वरयंत्र काढले आहे, डोळे नव्हेत.

व्याख्यान चांगले झाले. हे माझे मत आहे, त्यामुळे ते ग्राह्य आहे. तो आवाज त्या सभागृहात शिरला तेव्हा पुढच्या दोन रांगांतली माझी जुनी विद्यार्थी मंडळी ताठ बसली. एकीने पाय खाली घेतले. विभागप्रमुखाने मान खाली घातली ती वर केली नाही. मी नुसती उभी होते, एक हात कळफलकावर, आणि माझे वाक्य माझ्या बाहेरून येत होते. विलक्षण गैरसोयीचा अनुभव होता तो. माझ्या प्रत्येक 'मुळात'पूर्वी तुझा श्वास ऐकू येत होता, आणि तो ऐकू आला की माझ्या छातीतही श्वास भरून येत होता, कारण नसताना.

मग प्रश्न. इथे माझा हिशेब चुकला. व्याख्यान आधी टंकून ठेवता येते. उत्तर ठेवता येत नाही. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी जो प्रश्न विचारला तो खरोखर चांगला होता, कित्येक वर्षांतून एखादा असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर नीट द्यायला हवे होते. मी टंकू लागले. एक वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. तू जाणतेस, चुकीचे वाक्य मी कुणाच्या हाती देत नाही. खुर्च्या करकरू लागल्या. कोणी खोकले. कोणीतरी फोन पाहिला आणि त्याचा उजेड छतावर पडला. मागे दोघे हसले. कशाला, ठाऊक नाही. मी मान वर केली नाही, पण माझी बोटे चुकीच्या कळांवर पडू लागली होती. आणि विभागप्रमुख उठला. चेहऱ्यावर ती दवाखान्यातली दया घेऊन उठला आणि म्हणाला, "मॅडमना त्रास नको. आपण इथेच थांबू या. टाळ्यांच्या गजरात..."

"बसा खाली."

शेवटच्या रांगेतून.

"मी विचार करते आहे. तुम्हाला ती सवय नसेल, पण बघायला हरकत नाही."

तो बसला. कोण बोलले हे कळण्याआधी बसला. सगळे सभागृह आधी माझ्याकडे वळले, मग संगणकाकडे, मग मागे. आणि तू खांबाआड उभी होतीस, चष्मा नाही, खुर्ची नाही, हसू नाही, चेहरा लाल, किल्ल्यांची मूठ छातीशी. कुणी हसले नाही. करकर थांबली. त्या शांततेत मी उत्तर पुरे लिहिले, एकदा तपासले, आणि मग कळ दाबली.

धाकटे, ते वाक्य तुझ्या यादीत नव्हते. मी ते टंकलेले नव्हते. मी उत्तर टंकत होते. पण गळा असता तर उत्तर बाजूला ठेवून मी आधी तेच म्हटले असते, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. तू ते कुठून आणलेस, हे मला अजून उलगडलेले नाही. माझ्या संगणकावर आता प्रत्येक कामाला पारखून निवडलेला प्रोग्रॅम आहे: लिहायला, वाचायला, जपून ठेवायला, बोलायला. माझ्या आधी माझे वाक्य बोलणारा एकही नाही. मी शोधला. नाही.

माझ्या वतीने कोणी बोलू नये म्हणून मी तुला सात महिने दाराबाहेर ठेवले, आणि तू नेमके तेच केलेस, भर सभेत, मला न विचारता. याचा राग जाणार नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही. रागावलेली असताना मला तुझी आठवण सतत राहते.

मे महिन्याच्या अखेरीस तिसऱ्या रांगेतल्या त्याच गृहस्थांनी आपल्या संस्थेत मला बोलावले आहे. तिथे प्रश्नोत्तरांना मोठा वेळ ठेवला आहे. यायचे असल्यास ये. मागे बसू नकोस. मागून आवाज घुमतो आणि शेवटचे अक्षर विरते. पुढे बस, माझ्या उजव्या हाताला. गाडी तूच चालव. वाटेत बोलू नकोस.

हे शेवटचे वाक्य खोडले असे समज.

रागावलेली,
ताई